भास्करचा चातुर्मास

कुत्र्याला बोलता येत नाही, हे त्याच्या मालकाखेरीज सगळ्या जगाला ठाऊक असतं. मालक त्याच्या वतीनं बोलत राहतो, आणि बोलतो तेही ‘आम्ही’ म्हणून. कुठल्याही पशुवैद्याच्या दवाखान्यात अर्धा तास बसून पाहा. ‘आम्ही कालपासून काही खाल्लं नाही,’ असं चांगले भरल्या अंगाचे गृहस्थ काळजीनं सांगत असतात. ‘आम्हाला रात्री दोनदा उलटी झाली, पिवळी,’ असं एक तरुणी म्हणते आणि शेजारच्या बाई ‘आमची पांढरी होती, फेसाची’ असं सांगून तिला धीर देतात. आतून हाक येते, ‘ब्रूनो गायकवाड!’ मग ‘सिम्बा शहा!’ मग ‘लड्डू कुलकर्णी!’ नाव ऐकताच लड्डू कुलकर्णी बाकाखाली शिरतात आणि त्यांना पट्ट्याला धरून बाहेर ओढावं लागतं. इंजेक्शनाची भीती त्यांनी आडनावाबरोबरच घेतली असावी, कारण सुई टोचताना ओढणारे कुलकर्णीही भिंतीकडे बघत असतात.

पशुवैद्याचं काम मला माणसांच्या डॉक्टरपेक्षा अवघड वाटतं. माणूस खोटं बोलला तरी निदान स्वतःच्या तोंडानं बोलतो. इथे रोगी प्रामाणिक पण मुका, आणि त्याची कैफियत मांडणारा बोलका पण लबाड. ‘बाहेरचं काही देत नाही ना?’ असं डॉक्टर विचारतात. ‘छे हो, फक्त त्याचं तो!’ असं एकजात सगळे सांगतात. मग रोग्याला काट्यावर चढवतात, आणि काटा कुणाची भीड ठेवत नाही. आमच्या लॅब्रेडॉरचं कार्डावरचं नाव ऑस्कर. ते लेकीनं ठेवलं. सासूबाईंच्या जिभेला ते काही मानवेना, म्हणून पहिल्या आठवड्यातच त्यांनी त्याचा भास्कर केला. तो दोन्ही नावांना येतो. भास्करला जरा लवकर येतो, कारण त्या हाकेपाठी बहुधा पोळी असते. डॉक्टर वजन वाचतात, चष्म्यावरून आमच्याकडे बघतात, आणि सासूबाई भिंतीवरचं जंतांचं रंगीत चित्र मन लावून बघू लागतात.

मुंबईत परळला प्राण्यांचं मोठं आणि जुनं रुग्णालय आहे. त्याचं खरं नाव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं आहे. पण मुंबईकर पिढ्यान्‌पिढ्या त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हणत आले. एकोणिसाव्या शतकात ते उभं राहिलं तेव्हा शहर बैलांच्या आणि घोड्यांच्या पायांवर चालत होतं. ट्राम घोडे ओढत, माल बैल ओढत. १८८६ साली तिथेच पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. कमावत्या जनावराला डॉक्टर हवा, हा त्यामागचा व्यवहार साधा होता. आता रस्त्यावरून बैल गेले, घोडे लग्नाच्या वरातीपुरते उरले, पण नाव काही बदललं नाही. बैलघोड्याच्या रांगेत आज पग, शिह त्झू आणि रस्त्यावरून उचलून आणलेली गावठी पिल्लं बसलेली असतात. यातलं कुणीही कमावत नाही. उलट घरातल्या कमावत्या माणसाला त्यांच्यासाठी रजा टाकावी लागते.

पूर्वीच्या वाड्यातल्या मोत्याचं आरोग्यशास्त्र दोनच ओळींचं होतं. भाकरी उरली तर ती त्याची, आणि जखम झाली तर चाटून बरी होईल. नाही झाली तर हळद. ‘आमच्या वेळी कुठे होत्या लसी आणि फिशी? कुत्री जगायचीच की!’ असं सांगणारे लोक अजून भेटतात. जगायची खरी, पण किती, ते कुणी मोजलं नव्हतं. एखादा मोत्या चार दिवस कोपऱ्यात पडून राही आणि पाचव्या दिवशी दिसेनासा होई. ‘कुणी तरी विष घातलं असेल’ एवढ्यावर त्याची फाईल बंद. तो डिस्टेंपर होता, गोचीडताप होता की पोटात जंतांचा गोळा होता, हे विचारायची पद्धत नव्हती.

आता विचारायची पद्धत आली, पण कुत्र्यावर प्रेम करायची आपली रीत जुनीच राहिली. ती रीत समजून घ्यायची तर संत नामदेवांची गोष्ट आठवावी. कुत्र्यानं पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. देवा, कोरडी खाऊ नका, तूप लावून घ्या, अशी विनवणी करत. भक्तीच्या अंगानं ही गोष्ट थोर आहेच. पण आजचा पशुवैद्य तिथे असता तर तो नामदेवांच्या मागे धावला असता. कुत्र्याच्या पोटात एकदम जास्त तूप-तेल गेलं की स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतते. नामदेवांना निदान कुत्र्यात पांडुरंग दिसत होता. आपल्याला त्याच्यात भुकेलं लेकरू दिसतं, आणि भुकेल्या लेकरासमोर मराठी घराचा कुठलाही निर्धार टिकत नाही. माझ्या मते कुत्र्याच्या आरोग्याचा निम्मा प्रश्न जंतूंचा आहे आणि निम्मा आपल्या मायेचा. जंतूंवर लसी आहेत.

लॅब्रेडॉरच्या बाबतीत तर निसर्गानंच कट केला आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की साधारण चारांतल्या एका लॅब्रेडॉरच्या ‘पॉमसी’ नावाच्या जनुकातला एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. जेवून उठलेला हा प्राणी पुढच्या मिनिटाला उपाशी असतो, आणि त्यात त्याचं ढोंग नसतं. हे मी मोठ्या उत्साहानं सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणजे त्याच्या नजरेला त्या बळी पडणार नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बघ! मी म्हणत नव्हते, त्याला खरंच भूक लागते म्हणून? तुम्हीच म्हणता नाटक करतो.” आणि केंब्रिजच्या पाठिंब्यानं त्यांनी त्याला अर्धी पोळी घातली.

मग मी दुसरं संशोधन काढलं. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या, सख्ख्या भावंडांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या पाव हिस्सा कमी दुसऱ्याला, असं जन्मभर चाललं. २००२ साली निष्कर्ष छापून आला: कमी खाणारी भावंडं जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधेही उशिरा धरले. कुत्र्याच्या आयुष्यात दोन वर्षं म्हणजे केवढी! सासूबाई विचारात पडल्या. “म्हणजे ती दोन वर्षंसुद्धा उपाशीच काढली असणार बिचाऱ्यांनी,” असं त्या म्हणाल्या. विज्ञानाचा पराभव इतक्या थोडक्यात झालेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

डॉक्टरांनी मात्र त्यांना पटेल अशी एक परीक्षा शिकवली. कुत्र्याच्या छातीच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवायचा. फासळ्या नजरेला ठळक दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. वरून पाहिलं तर कमर दिसावी, बाजूनं पाहिलं तर पोट मागच्या पायांकडे वर चढलेलं दिसावं. भास्करच्या फासळ्या शोधायला त्या दिवशी डॉक्टरांना वेळ लागला. “आहेत,” असं ते अखेर म्हणाले, तेव्हा आम्हाला सुटल्यासारखं झालं.

खरी अडचण आमच्या स्वयंपाकघराची होती. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतात; कच्चा, शिजवलेला, मसाल्यात वाटलेला, कसाही. आता कांदा-लसणाशिवाय मराठी घरात उरतं काय? पोह्यांत कांदा, आमटीच्या फोडणीत लसूण, भाजीत दोन्ही. द्राक्षं, मनुका आणि बेदाणे काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात. कुणाला किती बाधतील याचा नेम नाही, म्हणून कुणालाच द्यायचे नाहीत. म्हणजे शिरा गेला, नारळी भात गेला, दिवाळीचा चिवडा गेला. चॉकलेटातलं थिओब्रोमिन आपल्याला पचतं, त्याच्या अंगात ते साचून हृदयाची धडधड वाढवतं. बिनसाखरेच्या च्युइंगगममध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, तिनं त्याच्या रक्तातली साखर झपाट्यानं खाली येते. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचे टोकदार तुकडे होऊन आतडी फाडू शकतात. ही यादी डॉक्टरांनी इंग्रजीत छापून दिली होती आणि ती फ्रिजवर चुंबकाखाली निमूट लटकत होती. तिच्यानं काही फरक पडला नाही.

फरक पडला तो लेकीच्या एका वाक्यानं. “आजी, भास्करला कायमचा चातुर्मास आहे,” असं ती म्हणाली. बस! सासूबाईंचा चेहरा बदलला. आषाढात कांदेनवमीला भजी खाऊन चार महिने कांदा-लसणाला शिवायचं नाही, हे त्यांनी जन्मभर पाळलेलं. ‘टॉक्सिक’ म्हणजे काय ते त्यांना कळायचं कारण नव्हतं; व्रत म्हणजे काय ते चांगलं कळत होतं. आणि दुसऱ्याचं व्रत मोडायला लावणं हे तर महापाप. त्या दिवसापासून घरात आलेल्या पाहुण्यानं बशीतला कांदेपोह्यांचा घास भास्करपुढे धरला, की आतून आवाज येतो, “त्याला चालत नाही!” सत्यनारायणाच्या दिवशी मात्र पेच पडला. शिऱ्यात बेदाणे, आणि प्रसाद तर नाकारायचा नाही. शेवटी प्रसादाच्या ताटातलं केळं कामी आलं. भास्करनं ते सालीसकट ओढायचा प्रयत्न केला आणि भाविकपणात कुठे कमी नसल्याचं दाखवून दिलं. एरवी त्याला साधा भात, गाजर, काकडी, लाल भोपळा असलं सात्त्विक अन्न अधूनमधून चालतं, पण जेवणाच्या मापातून तेवढं वजा करून. वजाबाकी सासूबाई करतात. हातचा मात्र कधी कधी सुटतो.

हे झालं मोठ्या कुत्र्याचं. पिल्लाचा मामला वेगळा. घरात दीड महिन्याचं पिल्लू आलं की आधी त्याच्या नावावर भांडण होतं आणि मग लसीच्या तारखांवर. ‘एकच काय ती लस द्या ना, इतक्या वेळा कशाला? पैसे काढायचे धंदे!’ असं प्रत्येक सोसायटीतला एक तरी जाणकार म्हणतो. कारण खरं तर आईच्या दुधात आहे. पहिल्या दिवसाच्या चिकातून पिल्लाला जी प्रतिकारशक्ती मिळते, ती त्याला सांभाळते आणि तीच लसीलाही हुसकून लावते. ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लागणिक वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून सुरुवात करून चार महिन्यांचं होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचतात. त्यातली एक तरी नेमकी वेळ साधते. ही लस डिस्टेंपर, पार्व्हो, कावीळ आणि बहुधा लेप्टोस्पायरोसिस म्हणजे लेप्टो यांवरची असते. पार्व्हो १९७८च्या सुमाराला जगभर पसरला. रक्ताचे जुलाब, उलट्या, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि आपल्या चपलांबरोबर घरात येतो. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून उंदरांच्या मुतातला लेप्टो माणसाला होतो, तसाच कुत्र्यालाही.

म्हणून ‘लसी पुऱ्या होईपर्यंत जमिनीवर सोडू नका’ असं सांगतात. पण पिल्लाच्या मनाची खिडकी तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तीन महिन्यांपर्यंतच सताड उघडी असते. त्या काळात जे पाहिलं-ऐकलं त्याची भीती जाते, राहिलं त्याची भीती जन्मभर चिकटते. मग करायचं काय? उचलून न्यायचं. सासूबाई भास्करला शालीत गुंडाळून रोज संध्याकाळी फाटकापाशी उभ्या राहत. त्यानं कुकरची शिट्टी ऐकली, भंगारवाल्याची आरोळी ऐकली, रेनकोट घातलेला माणूस पाहिला, काठी टेकत जाणारे आजोबा पाहिले आणि पुण्यात राहतो म्हणून गणपतीआधीचा ढोल-ताशांचा सरावही लांबून ऐकला. त्या शालीचं आता काही उरलेलं नाही. २८ दुधाचे दात पडून ४२ कायमचे येईपर्यंत, म्हणजे चौथ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत, पिल्लाच्या तावडीतून घरातलं काहीच सुटत नाही. हिरड्या शिवशिवतात, त्याला तो तरी काय करणार? चपला उचलून ठेवायच्या आणि त्याला चघळायला दुसरं काही द्यायचं, हाच त्यावरचा दंतवैद्यकीय उपाय.

जंतांचंही असंच. गोल जंत पिल्लाच्या पोटात आईच्या पोटातूनच येतात, त्यामुळे ‘आमचं पिल्लू तर बाहेर गेलेलंच नाही’ हा बचाव चालत नाही. सुरुवातीला दर पंधरा दिवसांनी, मग महिन्यानं, आणि सहा महिन्यांनंतर साधारण दर तीन महिन्यांनी औषध. या तारखा फोनमध्ये टाकायचं आम्ही ठरवलं होतं. सासूबाईंनी त्या कालनिर्णयावर लिहिल्या. संकष्टीच्या चौकोनाशेजारी ‘भास्कर जंत’ असं निळ्या पेनानं लिहिलेलं बघून गॅस सिलिंडरवाला बुचकळ्यात पडला होता. फोनमधली आठवण आपण बोटानं सरकवून टाकतो. भिंतीवरची सरकत नाही.

रेबीजच्या लसीबद्दल मात्र विनोद करवत नाही. पहिली साधारण तीन महिन्यांची झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी, बहुधा दरवर्षी. हा रोग एकदा लक्षणांपर्यंत पोचला की माणूस काय आणि कुत्रं काय, जवळजवळ कुणीच वाचत नाही. पण त्याआधी तो थोपवता येतो, हे लुई पाश्चरनं १८८५ साली कुत्रं चावलेल्या एका मुलाला लस देऊन दाखवलं. आपल्याकडे अजून ‘पोटात चौदा इंजेक्शनं’ या भीतीनं लोक चावा लपवतात आणि मिरची-चुना लावत बसतात. ती चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. आता लस दंडात देतात. कुत्रं चावलं, अगदी नुसता ओरखडा उठला, तरी आधी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. कुत्रं घरचं आहे, लाडकं आहे, ही सबब विषाणूला सांगून उपयोग नाही.

पावसाळा लागला की गोचिडांचा हंगाम सुरू होतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते, आणि कुत्र्याच्या अंगावर नव्हे तर भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत, सोफ्याच्या शिवणीत. त्यामुळे कुत्रं स्वच्छ आणि घर भरलेलं, असं होऊ शकतं. त्यांच्या चाव्यातून गोचीडताप येतो. कुत्रं गप्प होतं, जेवण टाकतं, ताप चढतो, रक्तातल्या प्लेटलेट घसरतात आणि कधी नाकातून रक्त येतं. फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवून बघणं हाच यावरचा पहिला इलाज. सापडला गोचीड, तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायचा. रॉकेल टाकायचं नाही, काडी लावायची नाही. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे डॉक्टरपेक्षा सल्लागार जास्त. जिन्यात भेटलेला प्रत्येक माणूस कडुलिंब, कापूर किंवा हळद यांपैकी एक तरी सुचवून जातो.

त्यातलं सर्वांत धोक्याचं म्हणजे आपल्या औषधांच्या डब्यातली गोळी. ‘अंग गरम लागतंय, अर्धी क्रोसिन द्या की!’ कुत्र्याचं अंग गरमच लागतं, कारण त्याचं नेहमीचं तापमानच साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. आपल्याला ज्या तापमानाला रजा मिळते, त्या तापमानाला तो चेंडूमागे धावतो. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडं असूच शकतं. ताप बघायचा तर थर्मामीटर लागतो, आणि तो तोंडात ठेवत नाहीत. या एका माहितीनंतर आमच्या घरातला थर्मामीटर सगळ्यांनी एकमतानं भास्करच्या नावावर करून दिला. पॅरासिटामॉल त्याच्या यकृताला आणि आयबुप्रोफेन पोटाला, मूत्रपिंडाला इजा करतं. डॉक्टरांनी त्याच्यासाठी लिहून दिल्याशिवाय आपली एकही गोळी त्याला द्यायची नाही.

कुत्रं पाळल्यानंतर माणसाची लाज कुठे गळून पडते, याचा शोध घ्यायचा असेल तर सकाळी साडेसहाला सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर यावं. निवृत्त बँक अधिकारी, कंपनीच्या उपाध्यक्ष बाई आणि कॉलेजातला मुलगा हातात पिशव्या घेऊन उभे असतात, आणि चर्चा चाललेली असते शीची. ‘आज बांधून झाली का?’ ‘शेवटी जरा सैल होती.’ ‘रंग?’ या लोकांना एकमेकांची नावं माहीत नसतात, पण एकमेकांच्या कुत्र्यांची आतडी तोंडपाठ असतात. हसू येतं खरं, पण मुक्या रोग्याचा सर्वांत खरा अहवाल हाच. ज्यानं पिशवीत उचलली, त्याला बदल आधी कळतो. न उचलता पुढे जाणारा रस्ता तर घाण करतोच, वर स्वतःच्या कुत्र्याची तपासणीही फुकट घालवतो.

आंघोळीचं सोपं आहे: वारंवार नको, आणि आपल्या शाम्पूनं नको, कारण त्याच्या कातडीचा पोत आणि आम्लता वेगळी. नखं फरशीवर टकटक वाजू लागली की कापायची वेळ झाली. फार आत कापलं तर रक्त येतं, आणि ते त्याच्या कायम लक्षात राहतं. लोंबत्या कानांत पावसाळ्यात ओल राहते, तिथे वास येऊ लागला तर डॉक्टरांना दाखवावं. दात घासायची पेस्ट कुत्र्यांची वेगळी मिळते, चिकनच्या चवीची. भास्करला ती इतकी आवडते की दात घासणं हा त्याचा चोरटा नाश्ता झाला आहे. सासूबाई त्या वेळी लांब बसतात. त्यांच्या शाकाहारी घरात चिकन शिरलं ते असं, दंतमंजनाच्या वाटेनं.

मादी असेल तर आणखी एक विषय निघतो. ‘एकदा तरी आई होऊ द्या हो तिला!’ असं शेजारपाजारच्या बायका कळवळून सांगतात. त्यात आरोग्याचा काही फायदा नाही. उलट नसबंदी न केलेल्या मादीला पुढे गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, आणि तेव्हा तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागते. आणि त्या होणाऱ्या सात-आठ पिल्लांना घरं शोधायला कळवळलेल्या बायकांपैकी कुणी येत नाही.

कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त तळपायांना. बाकी सगळी उष्णता जीभ बाहेर काढून धापा टाकतच बाहेर घालवायची. वैशाखात नागपूरच्या गच्चीवर हस्की बांधणाऱ्याला हे कुणीतरी सांगायला हवं. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना तर धाप टाकायलाही पुरती जागा नसते. तळहाताची मागची बाजू डांबरी रस्त्यावर पाच सेकंद टेकवता आली नाही, तर त्या रस्त्यावरून त्याला चालवू नये. आणि दिवाळीत? आपल्याला साधारण २० हजार हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, त्याला ४५ हजारांपर्यंत. ज्या सुतळी बॉम्बनं आपण दचकतो, त्यानं त्याचं काय होत असेल? पाडव्याच्या संध्याकाळी दारं-खिडक्या लावायच्या, पंखा मोठा करायचा, आणि तो पलंगाखाली गेला असेल तर त्याला ओढून बाहेर काढायचं नाही. आमच्याकडे त्या वेळी सासूबाई पलंगाशेजारी बसून हरिपाठ म्हणतात. त्यानं त्याची भीती कमी होते की त्यांची, ते तपासलेलं नाही.

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो आणि तो चुकीचा आहे. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २०२० साली लॅब्रेडॉरच्या डीएनएवरच्या खुणा तपासून नवा हिशेब मांडला. पहिल्याच वर्षात कुत्रं माणसाच्या तिशीत पोचतं, चौथ्या वर्षी पन्नाशी ओलांडतं, आणि मग त्याचं वय सावकाश वाढत बाराव्या वर्षी सत्तरीला येतं. हे ऐकून सासूबाईंनी बोटं मोजली. “म्हणजे आता माझ्याच बरोबरीचा की हा!” असं त्या म्हणाल्या. खरंच आहे. दोघांचे गुडघे एकाच पावसाळ्यात दुखायला लागले. त्यांची साखर डॉक्टरांनी बंद केली, त्याची पोळी. आता दोघं जेवायला शेजारी बसतात आणि एकमेकांच्या पथ्यावर पाळत ठेवतात. त्यांनी डब्यातला लाडू काढला, की तो उठून उभा राहतो.

या सगळ्याचा हिशेब करताना मला एकच गोष्ट पटली. कुत्र्यावर प्रेम करायला काही यावं लागत नाही. ते सगळ्यांनाच येतं. काळजी घ्यायला मात्र त्या प्रेमाला नाही म्हणावं लागतं, आणि हे नाही रोज, त्या डोळ्यांत बघत म्हणावं लागतं. मुका जीव स्वतःच्या भल्याचं मागू शकत नाही. तो फक्त पोळी मागू शकतो. तेव्हा तुमच्या घरात कुत्रं असेल तर आज त्याच्या फासळ्यांवरून एकदा हात फिरवा, कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत बघा, आणि लसीच्या कार्डावरची पुढची तारीख वाचा. ती उलटून गेली असेल तर लाड उद्या करा. आधी त्याला डॉक्टरांकडे न्या. आणि तिथे ‘बाहेरचं काय देता?’ असं विचारलं, तर खरं सांगा.